फोनमध्ये मधूनच १ जानेवारी १९७० ही तारीख का दिसते? उत्तर डेनिस रिची यांच्या आयुष्यात आहे

नवा फोन घेतला, जुने फोटो त्यात टाकले, गॅलरी उघडली आणि सगळ्यात खाली एक फोटो दिसला. तारीख १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे साडेपाच. फोटो मागच्या दिवाळीचा, फोटोतल्या निम्म्या लोकांचा १९७० साली जन्मही झाला नव्हता, पण फोन मात्र छातीठोकपणे सांगतोय की फोटो तेव्हाचाच आहे.

अनेकांना हा अनुभव आलाय. काहींना वाटतं फोन हॅक झाला, काहींना वाटतं मेमरी कार्ड गेलं. प्रत्यक्षात झालेलं असतं एवढंच, की त्या फाइलवर जिथं तारीख लिहिलेली असायला हवी तिथं शून्य पडलेलं असतं. आणि आजच्या बहुतेक कॉम्प्युटरांच्या हिशेबात वेळेचं शून्य म्हणजे १ जानेवारी १९७० ची ग्रीनिचची मध्यरात्र. भारताचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून आपल्याकडे ते शून्य पहाटे साडेपाच वाजल्याचं दाखवतं.

पण वेळेचं शून्य तिथंच का? ना त्या दिवशी कॉम्प्युटरचा शोध लागला, ना कुठली मोठी घटना घडली. ते शून्य तिथं बसवलं अमेरिकेतल्या काही मोजक्या माणसांनी, तेही तीन वर्षांत वारंवार जागा बदलून कंटाळल्यावर. त्यातलं एक नाव होतं डेनिस रिची. कॉलेजात सी लँग्वेज शिकलेल्यांना हे नाव पुस्तकाच्या कव्हरवरून माहीत असतं. बाकीच्यांना बहुतेक नसतंच. पण आज तुमच्या हातात अँड्रॉइड असो की आयफोन, त्याच्या मुळाशी या माणसाचं काम आहे.

वडिलांच्याच लॅबमध्ये नोकरी

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिची गंमत आहे.

वडील अ‍ॅलिस्टर रिची बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. बेल लॅब्स म्हणजे अमेरिकेच्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था. ट्रान्झिस्टर इथंच जन्मला. टेलिफोन एक्सचेंजमधले स्विच कसे रचायचे, यावरच्या एका पुस्तकाच्या लेखकांमध्ये अ‍ॅलिस्टर रिची यांचं नाव आहे. कुटुंब न्यू जर्सीतल्या समिट गावात राहायला आलं आणि डेनिस तिथंच वाढले.

पुढे ते हार्वर्डला गेले. १९६३ मध्ये भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि नंतर गणिताकडे वळले. पीएचडीसाठी प्रबंधही लिहिला. मात्र बांधणी केलेली प्रत ग्रंथालयात जमा करण्याची शेवटची औपचारिकता राहून गेली, आणि पदवी मिळाली नाही ती नाहीच. एवढी मेहनत घेऊन शेवटचा कागद न भरणाऱ्या या माणसाला त्याचं फारसं दुःख झाल्याचंही दिसत नाही. हरवला असं समजला गेलेला तो प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, अगदी अलीकडे लोकांसमोर आला.

१९६७ मध्ये ते बेल लॅब्सच्या मरी हिल इथल्या केंद्रात रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले.

मोठा प्रोजेक्ट बुडाला आणि लहानसा सुरू झाला

त्या काळी बेल लॅब्स, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची एक भव्य ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीन आणि आपण यांच्यामधला कारभारी. कुठली फाइल कुठं ठेवायची, कुणाच्या प्रोग्रॅमला कधी पाळी द्यायची, हे सगळं तीच बघते. त्यातला सगळ्यात आतला, सगळे अधिकार हातात असलेला भाग म्हणजे कर्नेल.

मल्टिक्स लांबत गेलं, खर्च वाढत गेला. १९६९ मध्ये बेल लॅब्सनं त्यातून अंग काढून घेतलं. रिची, त्यांचे सहकारी केन थॉम्पसन आणि आणखी काही जण हात चोळत बसले. मल्टिक्सवर काम करायची सवय लागली होती आणि आता हातात काहीच नव्हतं. नवा कॉम्प्युटर मागितला तर वरचे लोक नाही म्हणायचे.

मग थॉम्पसन यांना कोपऱ्यात पडलेलं पीडीपी-७ नावाचं जुनाट मशीन सापडलं. १९६९ च्या उन्हाळ्यात त्यांनी साधारण महिनाभरात त्यावर ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला सांगाडा उभा केला. फाइली कशा ठेवायच्या याचा आराखडा थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे यांनी आधीच फळ्यावर आणि कागदावर चर्चा करून ठरवला होता. हेच पुढचं युनिक्स.

पण खरं मशीन हवंच होतं. मग शक्कल लढवली गेली. ऑपरेटिंग सिस्टीम बनवायला पैसे मागण्याऐवजी, ऑफिसातली कागदपत्रं टाइप करायची यंत्रणा बनवतो म्हणून पैसे मागितले. सुमारे ६५ हजार डॉलरचं पीडीपी-११ मंजूर झालं आणि १९७० मध्ये येऊन पोहोचलं. शब्द पाळणंही भाग होतं. त्यामुळे बेल लॅब्सच्या पेटंट विभागाच्या तीन टायपिस्ट या मशीनवर बसून पेटंटचे अर्ज टाइप करू लागल्या. युनिक्सचे पहिले खरे ग्राहक हेच.

आता या मशीनची ताकद ऐका. मेमरी होती २४ केबी. त्यातली १६ केबी खुद्द सिस्टीमलाच लागायची. डिस्क ५१२ केबीची. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा एखादा फोटोसुद्धा त्यात मावला नसता. शिवाय एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू नये, याची कुठलीच सोय त्या मशीनमध्ये नव्हती. शेजारच्या टर्मिनलवर टायपिस्ट खऱ्या अर्जावर काम करतायत आणि इकडे रिची-थॉम्पसन नवा प्रोग्रॅम चालवून बघतायत. त्यात एक चूक झाली की सगळं मशीन कोसळणार आणि समोरच्या बाईंचं काम पाण्यात जाणार. चूक शोधायची, ती लपवायची नाही, हा धडा या मंडळींना असा तापल्या तव्यावर मिळाला.

फाइलच्या कपाळावरची तारीख

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलची एक छोटी नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. सातबाऱ्यासारखी समजा. मालक कोण, आकार किती, कुणाला काय अधिकार आणि माल डिस्कवर नेमका कुठं ठेवलाय, हे सगळं त्यात. पीडीपी-११ वरच्या युनिक्समध्ये याच नोंदीत दोन वेळाही होत्या. फाइल बनली कधी आणि शेवटची बदलली कधी. प्रत्येक वेळेसाठी जागा दिली होती चार बाइट, म्हणजे ३२ बिट.

अर्धा एमबी डिस्कवर प्रत्येक बाइट सोन्याचा होता. तिथं प्रत्येक फाइलमागे आठ बाइट नुसत्या तारखांवर खर्च करणं ही छोटी गोष्ट नव्हती. पण तारीख नसेल तर कुठली प्रत नवी, कुठली जुनी, काल रात्री नेमकं काय बदललं, हे कळणार कसं?

आता प्रश्न होता वेळ मोजायची कशी. मशीनला विजेच्या मेन लाइनवरून ठोका मिळायचा. अमेरिकेत विजेची फ्रिक्वेन्सी ६० आहे, भारतात ती ५० असते. म्हणजे तिथं सेकंदाला ६० ठोके पडायचे. दर ठोक्याला कर्नेल एका आकड्यात एक मिळवायचा. सुरुवात धरली १ जानेवारी १९७१ पासून. साधं, सोपं, स्वस्त.

पण गणित करून बघा. ३२ बिटमध्ये साधारण ४२९ कोटींपर्यंत आकडा मावतो. सेकंदाला ६० या वेगानं तो सव्वादोन वर्षांत भरतो. त्यानंतर? जुन्या स्कूटरच्या किलोमीटर मीटरसारखं, सगळे नऊ झाले की पुन्हा शून्य. म्हणजे आज बदललेली फाइल दोन वर्षांपूर्वीच्या फाइलीपेक्षा जुनी ठरणार.

हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. आणि त्यांनी ते छापूनही टाकलं.

स्वतःच्या चुका छापणारं मॅन्युअल

३ नोव्हेंबर १९७१ ही युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवरची तारीख. लेखक थॉम्पसन आणि रिची. या मॅन्युअलची एक सवय पुढे जगप्रसिद्ध झाली. प्रत्येक कमांडची माहिती दिली की शेवटी बग्ज नावाचा एक रकाना असायचा. या कमांडमध्ये काय चुकतं, काय जमत नाही, कुठं फसाल, ते तिथं सरळ लिहिलेलं असायचं.

कंपन्यांची मॅन्युअलं आपला माल किती भारी आहे हे सांगायला असतात. इथं बनवणारेच सांगत होते की आमचं कुठं गंडलंय. वेळ सांगणाऱ्या कॉलच्या पानावर या रकान्यात नोंद होती, की वेळ ३२ बिटांत साठवल्यामुळे दर २.२६ वर्षांनी संकट येणं निश्चित आहे. त्यात कुणावर ढकलणं नाही, सारवासारव नाही.

या सवयीचा फायदा व्यवहारात होता. सिस्टीम वापरणारा माणूस चूक दिसली की आधी स्वतःला दोष देतो, मग तासन् तास शोधत बसतो. ती चूक आधीच माहीत आहे असं लिहिलेलं असेल तर त्याचा तो वेळ वाचतो. आणि कधीकधी लिहिणाऱ्यालाच स्वतःचं वाक्य वाचून लाज वाटते आणि तो चूक दुरुस्त करूनच टाकतो.

शून्य सरकवण्याचा खेळ

संकट येणार हे माहीत होतं, पण ते टाळायचं कसं? पहिला उपाय होता शून्यच पुढे सरकवायचा. वर्षाची सुरुवात १९७१ ऐवजी १९७२ धरायची. १९७३ च्या सुरुवातीच्या मॅन्युअलमध्ये शून्य १९७२ वर गेलेलं दिसतं.

यात गोम अशी की डिस्कवर आधीच पडलेल्या फाइलींवर जुने आकडे लिहिलेले असतात. समजा मुंबई-नाशिक रस्त्यावर मैलाचे दगड मुंबईपासून मोजून लावलेत. उद्या कुणी ठरवलं की शून्य ठाण्याला धरायचं. मग रस्त्यावरचा प्रत्येक दगड खोटा ठरतो. एक तर सगळे दगड पुन्हा रंगवा, नाहीतर कुठला दगड जुन्या हिशेबाचा आणि कुठला नव्या, हे डोक्यात ठेवा. बॅकअपसाठी बाहेर काढलेल्या फाइलींचं काय, हा आणखी वेगळा प्रश्न.

अशी दोन-तीन वर्षं गेल्यावर १९७३ च्या अखेरीस त्यांनी निकाल लावला. सेकंदाचे ६० तुकडे मोजणं सोडलं आणि पूर्ण सेकंद मोजायला सुरुवात केली. आणि शून्य ठेवलं १ जानेवारी १९७० वर. त्यामागे काही मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. बरीच वर्षं न भरणारा आणि लक्षात ठेवायला सोपा असा एक गोल आकडा हवा होता, तो घेतला. पुढे अनेक वर्षांनी रिची यांनी हे मोकळेपणानं सांगितलंही होतं.

सेकंद मोजल्यामुळे सव्वादोन वर्षांची मुदत कित्येक दशकांवर गेली. पण या सौद्यात काहीतरी गमावलंही होतं. आता एका सेकंदाच्या आत दोनदा बदललेली फाइल एकदाच बदलल्यासारखी दिसणार होती. त्या काळच्या मशीनचा वेग पाहता हे कुणाला जाचलं नाही. जाचलं ते पुढे.

सी भाषा आणि एक विचित्र खूण

याच वर्षांमध्ये रिची यांचं सगळ्यात मोठं काम चालू होतं. थॉम्पसन यांनी बी नावाची भाषा बनवली होती. तिला अक्षर, पूर्णांक असे प्रकारच माहीत नव्हते. नव्या मशीनवर ती अपुरी पडू लागली. रिची यांनी तिच्यात प्रकार आणले, नवा कंपायलर लिहिला, आणि १९७२ च्या आसपास तिची सी झाली. थॉम्पसन यांनी कर्नेल या भाषेत लिहायचा एक प्रयत्न केला आणि सोडून दिला. वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका गाठोड्यात बांधायची सोय तेव्हा सीमध्ये नव्हती. रिची यांनी ती सोय, म्हणजे स्ट्रक्चर, भाषेत आणली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात कर्नेल सीमध्ये लिहून झाला.

ही क्रांती होती. तोवर ऑपरेटिंग सिस्टीम एका मशीनच्या भाषेत लिहिली जायची आणि ते मशीन भंगारात गेलं की तीही जायची. आता कंपायलर बदलला की तीच सिस्टीम दुसऱ्या मशीनवर उभी राहू शकत होती.

आता वेळेकडे परत येऊ. सीमधला साधा पूर्णांक तेव्हा १६ बिटांचा होता. वेळ होती ३२ बिटांची. म्हणजे वेळ एका डब्यात मावेना, दोन डबे लागायचे. फंक्शनला उत्तर म्हणून दोन डबे परत देता येत नव्हते. म्हणून वेळ विचारताना आपणच दोन रिकामे डबे पुढे करायचे, कर्नेल ते भरून द्यायचा. नंतर सीमध्ये ३२ बिटांचा लाँग हा प्रकार आला आणि गरज संपली. पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तो डबा पुढे करायचा रिवाज तसाच ठेवला. आजही सीमध्ये वेळ विचारणारं फंक्शन लिहिताना कंसात बहुतेक जण शून्य किंवा नल लिहितात. का लिहितात हे विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. ती या दोन डब्यांची उरलेली खूण आहे.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निहॅन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आलं. जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ घेऊन इंजिनीअरिंगची पहिली ओरल देणाऱ्यांनीही रिची यांचीच भाषा शिकली.

तीन तारखा आणि एक कायमचा गैरसमज

१९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत फाइलवरच्या तारखा तीन झाल्या. एटाइम म्हणजे फाइल शेवटची वाचली कधी. एमटाइम म्हणजे आतला मजकूर बदलला कधी. आणि सीटाइम.

सीटाइममधला सी म्हणजे क्रिएशन, फाइल बनली ती वेळ, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सी म्हणजे चेंज. फाइलचा सातबारा, म्हणजे मालक, अधिकार, नाव-जोड यातलं काही बदललं तरी ही वेळ बदलते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये बनवल्याची वेळ खरंच होती, ती मध्येच गेली. पोलिसांच्या सायबर तपासात किंवा कोर्टात फाइलची तारीख पुरावा म्हणून येते, तेव्हा हा एका अक्षराचा गैरसमज महागात पडू शकतो.

या तारखा शोभेच्या नाहीत, हे बेल लॅब्समध्येच दिसलं. १९७६ मध्ये तिथल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचं साधन लिहिलं. मोठ्या प्रोग्रॅमचे शेकडो तुकडे असतात. एका तुकड्यात बदल केला की सगळे पुन्हा बांधायची गरज नसते. मेक फक्त तारखा बघतं. मूळ फाइल तयार फाइलीपेक्षा नवी असेल तर ती पुन्हा बांधायची, नाहीतर सोडून द्यायची. म्हणजे तारीख चुकली की काम चुकलं. चूक दुरुस्त केली तरी जुनाच प्रोग्रॅम चालत राहतो आणि दुरुस्त करणारा डोकं धरून बसतो, की बदल केला तरी बग जात का नाही.

कौतुक झालं, पण गाजावाजा नाही

एटी अँड टीवर १९५६ पासून कायदेशीर बंधन होतं, टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात तिला उतरता येत नव्हतं. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशांत, सोर्स कोडसकट मिळालं. जून १९७२ मध्ये जगात युनिक्स चालवणारी मशीन होती फक्त दहा. पुढच्या दहा वर्षांत ते सगळीकडे पोहोचलं.

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटर क्षेत्रातला हा सर्वोच्च मान. नंतर राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी मिळालं. पण रिची स्वभावानं शांत, भिडस्त. लग्न केलं नाही, कंपनी काढली नाही. युनिक्समधल्या एका सुरक्षेच्या युक्तीवर त्यांच्या नावानं पेटंट निघालं, तेही पुढे सगळ्यांसाठी खुलं करण्यात आलं.

विनोदबुद्धी मात्र तिरकस. १९९४ मध्ये युनिक्सला वैतागलेल्या लोकांनी एक अख्खं शिव्या-शापांचं पुस्तक काढलं. त्याला प्रस्तावनेसारखी उलट-प्रस्तावना लिहिली ती खुद्द रिची यांनी. बग्जचा रकाना छापणाऱ्या माणसाला हे शोभूनच दिसलं.

साठावा वाढदिवस आणि १०० कोटी

सुरुवातीची ती जन्मतारीख आठवतेय? ९ सप्टेंबर.

१ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद वाढत वाढत २००१ मध्ये १०० कोटींवर पोहोचले. ग्रीनिचच्या वेळेनुसार तो क्षण होता ९ सप्टेंबर २००१, रात्री १ वाजून ४६ मिनिटं ४० सेकंद. भारतात सकाळचे सव्वासात होऊन गेले होते. म्हणजे बरोबर रिची यांच्या साठाव्या वाढदिवशी. न्यू जर्सीत तेव्हा अजून ८ तारखेची रात्र होती, एवढाच काय तो फरक. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. १९७० निवडताना कुणी तीस वर्षांनंतरच्या वाढदिवसाचा हिशेब करेल, हे शक्यच नव्हतं.

आठवड्यात दोन मृत्यू

२००७ मध्ये रिची निवृत्त झाले. २०११ मध्ये त्यांना आणि थॉम्पसन यांना जपान प्राइज जाहीर झालं.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स गेले. जगभर शोक झाला, मासिकांच्या कव्हरवर फोटो आले. पुढच्याच आठवड्यात, १२ ऑक्टोबरला, न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्सच्या घरी डेनिस रिची मृतावस्थेत आढळले. वय ७०. आजारी होते, एकटे राहत होते. त्यामुळे नोंदींमध्ये तारीख येते ती आढळल्याची. बातमी बाहेर आली ती आधी सहकाऱ्यांच्या पोस्टमधून, वर्तमानपत्रांनी नंतर घेतली.

जॉब्स यांच्या आयफोनच्या आत चालणारी सिस्टीम युनिक्सच्याच घराण्यातली. लिनक्स युनिक्सच्या वळणावर घडलेलं, त्याचा कर्नेल मुख्यतः सीमध्ये लिहिलेला आणि अँड्रॉइड त्यावर उभं. एकाच्या जाण्यावर जग थांबलं. दुसऱ्याच्या जाण्याची बातमी बहुतेकांपर्यंत पोहोचलीच नाही.

ती दुरुस्ती अजून चालूच आहे

१९७३ मध्ये पुढे ढकललेलं संकट संपलेलं नाही. ३२ बिटांतला एक बिट अधिक-उणे दाखवायला जातो. उरलेल्या जागेत सेकंद मावतात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. ते संपतील १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला, दुरुस्त न केलेल्या सिस्टीमला तारीख दिसेल डिसेंबर १९०१ ची.

उपाय सोपा वाटतो, ३२ ऐवजी ६४ बिट वापरा. कर्नेलमध्ये ते करायला वर्षं लागली, कारण वेळ शेकडो ठिकाणी लिहिलेली असते. ३२ बिटांच्या मशीनसाठी लिनक्सची मुख्य दुरुस्ती २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीत पूर्ण झाली. पण डिस्कवरच्या नोंदी वेगळ्या. एक्स्ट-४ या फाइल सिस्टीमनं दोन जादा बिट घेऊन मुदत २४४६ पर्यंत नेली. त्यातही एक बग निघाला. १९७० च्या आधीची तारीख दिली की जादा बिट चुकीचे लिहिले जायचे आणि तीच तारीख चोविसाव्या शतकातली म्हणून परत येऊ शकायची. हिशेब बरोबर, चिन्ह चुकीचं. रिची यांच्या काळातली तीच जात.

एटाइमचीही अशीच कथा. फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहावी लागते, म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन. मशीन उगाच हळू व्हायचं. २००९ पासून लिनक्स ही वेळ गरजेपुरतीच लिहितं.

आणि एका सेकंदात दोन बदल कसे ओळखायचे, हा जुना प्रश्न? आता वेळ नॅनोसेकंदांत साठवता येते, पण फाइलवर शिक्का मारताना कर्नेल आजही वेग राखण्यासाठी शेवटच्या ठोक्याची वेळ वापरत होता. काही मिलिसेकंदांतले दोन बदल पुन्हा सारखेच. २०२३ मध्ये यावर उपाय लिनक्समध्ये आला आणि लगेच काढावा लागला. कारण नंतर बदललेली फाइल कधीकधी आधी बदललेलीपेक्षा जुनी दिसू लागली. मेकसारख्या साधनांसाठी हे जीवघेणं. नवी रचना करून तो उपाय पुन्हा आला तो २०२५ च्या सुरुवातीला, ६.१३ आवृत्तीत. पन्नास वर्षांत ठोक्यांचा वेग वाढला, प्रश्न तोच राहिला.

हे सगळं काम करणारे लोक फारसे कुणाला माहीत नसतात. त्यांनी चूक वेळेत शोधली तर २०३८ ची ती सकाळ इतर कुठल्याही सकाळीसारखी जाईल. गाड्या धावतील, यूपीआय चालेल आणि काही घडलंच नाही म्हणून बातमीही होणार नाही.

डेनिस रिची यांनी मागे काय ठेवलं, तर एक भाषा आणि एक ऑपरेटिंग सिस्टीम, हे पुस्तकी उत्तर झालं. त्याबरोबर त्यांनी आणि थॉम्पसन यांनी एक रीतही घालून दिली. आपल्या कामात काय चुकतंय आणि ते कधी अंगावर येणार आहे, हे आपणच, आपल्या नावानिशी, पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायचं. २०३८ ची तयारी वेळेत सुरू होऊ शकली ती कुणीतरी ही रीत पाळली म्हणून. पुढच्या वेळी गॅलरीत १ जानेवारी १९७० चा फोटो दिसला, तर फोन बिघडलाय असं समजू नका. एवढंच समजा, की त्या फाइलला आपली तारीख माहीत नाही आणि फोन तुम्हाला रिची-थॉम्पसन यांचं शून्य दाखवतोय.